दोन भाषांचा निवाडा

भाषांची तुलना करण्याची हौस आपणा सर्वांनाच असते. आणि तुलना करता करता न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसण्याची हौस तर त्याहून अधिक असते. कोणती भाषा गोड, कोणती रांगडी, कोणती प्राचीन, कोणती कालपरवाची, असे निवाडे आपण सहज देऊन टाकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही आनंद झाला, आणि तो रास्तच होता. १९७३ आणि २०१९ अशी दोन अखिल भारतीय साहित्य संमेलने भरविलेले हे गाव आहे. मात्र त्या आनंदाच्या भरात जे बोलले व लिहिले गेले, त्यात एक वाक्य आम्हांला पुनःपुन्हा भेटले: मराठीच्या पदराखाली अनेक बोली नांदतात; उदाहरणार्थ वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, कोलामी. या यादीतील पहिल्या तीन नावांविषयी आमची तक्रार नाही. चौथे नाव मात्र तेथे चुकून आले आहे, आणि ते कसे चुकले हे पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरातला वाद नीट समजून घ्यायचा असेल तर कधी कधी परगावच्या दोन माणसांकडे पाहावे लागते. त्यांच्यात आपला स्वार्थ गुंतलेला नसतो. म्हणून आम्ही प्रथम वाचकांना फार दूर नेणार आहोत: एक भाषा मध्य युरोपातील चेक, आणि दुसरी मध्य आशियातील उझबेक. या दोहोंपैकी एकही भाषा आम्हांला बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सेमिनरीत लॅटिनची रूपे घोकलेली असल्याने व्याकरणे चाळण्याची सवय मात्र जडली, आणि निवृत्तीची वाट न पाहता ती आम्ही जोपासली.

तुलनेच्या खुर्चीचा मोह किती जुना आहे याचे उदाहरण उझबेक परंपरेतच आहे. अलिशेर नवाई हा हेरातचा महाकवी. त्याच्या काळी दरबारात आणि काव्यात फारसीची सत्ता होती. तुर्की ही शिपायांची व मेंढपाळांची भाषा समजली जाई. १४९९ साली, मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, त्याने ‘मुहाकमतुल्-लुगतैन’ हा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थच ‘दोन भाषांचा निवाडा’. फारसीत ज्यांना नेमका प्रतिशब्द नाही अशी शंभर तुर्की क्रियापदे त्याने मांडली आणि तुर्कीच्या बाजूने निकाल दिला. आजचे उझबेक लोक त्याला आपल्या साहित्याचा जनक मानतात. ग्रंथ वाचनीय आहे खरा, पण त्यातील न्यायाधीश हाच एका पक्षाचा वकील आहे. दुसऱ्या पक्षाने फारसीतील शंभर शब्द काढून दाखविले असते तर निकाल उलटला असता. शब्दांच्या मोजणीने भाषांची उंची ठरत नाही. पाचशे वर्षांनंतरही हे आपल्या गळी पुरते उतरलेले नाही.

चेक भाषेच्या बाजूला नेमका उलट प्रकार घडला, आणि तो घडविणारा आमच्याच कुळीचा, म्हणजे एक कॅथलिक धर्मगुरू होता. योसेफ दोब्रोव्स्की १७७२ साली येशूसंघात नवशिक्या म्हणून दाखल झाला. पुढच्याच वर्षी पोपमहोदयांनी तो संघ विसर्जित केला. पुढे त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, पण आयुष्य गेले ते भाषाशास्त्रात. १८०९ साली त्याने चेक भाषेचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले, आणि ते लिहिले जर्मन भाषेत! शहरांतून, कचेऱ्यांतून जर्मन बोलली जाई आणि चेक खेडुतांच्या तोंडी उरली होती. ज्या भाषेचे अंतरंग त्याने इतक्या प्रेमाने उलगडले, तिच्यात पुन्हा थोर साहित्य निर्माण होईल याविषयी त्यालाच शंका होती. त्याचा निवाडा पन्नास वर्षेही टिकला नाही. त्याच्यानंतरच्या पिढीतील योसेफ युंगमान याने १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा चेक-जर्मन कोश सिद्ध केला, आणि त्या शब्दांवर पुढे एक संपूर्ण वाङ्मय उभे राहिले. नवाईने आपल्या भाषेला अधिक गुण दिले, दोब्रोव्स्कीने कमी. चूक दोघांचीही एकच: वर्णन करावे तेथे त्यांनी भविष्य सांगितले. तरी दोब्रोव्स्कीचे व्याकरण उरले, त्याची शंका विरली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता या दोन भाषांची प्रत्यक्ष घडण पाहू. चेक ही स्लाव्ह कुळातील, म्हणजे अखेरीस संस्कृत-मराठीच्याच गोतातील. ‘दिवस’ याला चेकमध्ये ‘देन’, ‘धूर’ याला ‘दीम’, ‘नाक’ याला ‘नोस’, ‘दोन्ही’ याला ‘ओबा’ म्हणतात; दिन, धूम, नासा, उभय हे शब्द मनात आणले की नाते ओळखू येते. तिला तीन लिंगे, सात विभक्ती. आणि तिचा विभक्तिप्रत्यय फोडता येत नाही: ‘झेना’ म्हणजे स्त्री, ‘झेनामी’ म्हणजे स्त्रियांनी, यातील ‘आमी’चा कोणता तुकडा अनेकवचनाचा व कोणता तृतीयेचा, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही अर्थ एका घोटात गेले आहेत. उझबेक भाषेचे काम अगदी वेगळे. तिला लिंगच नाही. तो, ती, ते या तिघांनाही ‘उ’ हा एकच शब्द. आणि शब्द बांधण्याची रीत माळेत मणी ओवण्यासारखी: ‘उय’ म्हणजे घर, ‘उयलार’ घरे, ‘उयलारिम’ माझी घरे, ‘उयलारिमदा’ माझ्या घरांत. प्रत्येक मणी वेगळा, प्रत्येकाचा अर्थ एक, आणि कोठेही सांधा लपविलेला नाही. पंडित पहिल्या रीतीला विकारी आणि दुसरीला संयोगी म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी यांतही उच्चनीच लावले होते: विकारी भाषा प्रगत, संयोगी मागासलेल्या. ती स्वभाषेची स्वस्तुती होती, दुसरे काही नव्हे. गंमत अशी की ही समजूत बाजूला सारून, कोणतीही भाषा पूर्णपणे एकाच साच्याची नसते, प्रत्येकीत अनेक साचे कमीअधिक मिसळलेले असतात, हे विसाव्या शतकात ज्यांनी नेटाने मांडले त्यांत प्रागचा चेक भाषाशास्त्रज्ञ व्लादिमीर स्कालिच्का हा अग्रणी होता. त्याचा हंगेरियन व्याकरणावरील ग्रंथ १९३५ सालचा.

स्कालिच्काचे हे सूत्र मराठीला लावून पाहावे. ‘घोडा’ हा शब्द घ्या. ‘घोड्याला’, ‘घोड्यांना’, ‘घोड्यांवरून’, ‘घोड्यांवरूनसुद्धा’. आतला भाग, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, तो चेकच्या धाटणीचा: ‘घोडा’चे ‘घोड्या’ होताना काय जोडले गेले हे बोट ठेवून दाखविता येत नाही, सगळा शब्दच वळतो. बाहेरचा भाग मात्र थेट उझबेकच्या धाटणीचा: वर, ऊन, सुद्धा, मण्यांमागून मणी. मराठीत विभक्ती आठ म्हणाव्यात की कमी, यावर आपल्याकडे केवढे रण माजले! दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे, मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला तोवर हा वाद मिटलेला नव्हता, आणि आजही मिटला आहे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या मते त्याचे एक मूळ येथेच आहे. संस्कृतच्या व लॅटिनच्या मापाने अंगरखा बेतायला जावे तर आतले अंग त्यात बसते, बाहेरचे बसत नाही.

वाक्याच्या रचनेत तर मराठी आपल्या दूरच्या चेक बहिणीला सोडून सरळ उझबेकच्या ओळीत जाऊन बसते. कर्ता, कर्म, आणि शेवटी क्रियापद. शब्दयोगी नामाच्या मागे. आणि कोणाचे बोलणे सांगून झाले की ‘म्हणून’. उझबेकमध्ये या ‘म्हणून’च्या जागी ‘देब’ येतो, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘म्हणून’ असाच, म्हणजे ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच रूप. येथे कोणी उझबेकांशी सोयरीक जोडू नये. असाच ‘म्हणून’ तेलुगूत आहे, कन्नडात आहे, तमिळमध्ये आहे. मराठीने हे वळण कोणाच्या शेजाराने पक्के केले असावे, हे सांगायला ताश्कंदपर्यंत जाण्याची गरज नाही.

आता शब्द पाहा. बाजारात उभा असलेला मराठी माणूस चेक ऐकेल तर त्याला एक अक्षर कळणार नाही, नाते रक्ताचे असूनही. उझबेक ऐकेल तर ‘बोझोर’, ‘हिसोब’, ‘शहर’, ‘कितोब’ असे ओळखीचे चेहरे भराभर भेटतील, नाते काडीचेही नसताना. कारण दोन्ही भाषांनी ही उसनवारी फारसी-अरबीच्या एकाच पेढीवरून केली आहे. उलट दिशेचीही एक फसगत आहे. चेकमध्ये ‘होता, होती, होते’ याला ‘बिल, बिला, बिलो’ म्हणतात. क्रियापदातही लिंग बोलते, शिवाय आपल्या ‘आला, गेला’तला ‘ल’ही दिसतो! लिंगाचा भेद खरोखरच कुळाचा वारसा आहे. ‘ल’ मात्र योगायोग. आपला ‘ल’ प्राकृतातील ‘इल्ल’ प्रत्ययापासून पुष्कळ नंतर आला. थोडक्यात, शब्द ओळखीचे वाटणे हा कुळाचा पुरावा नव्हे, आणि शब्द परके वाटणे हा परकेपणाचा पुरावा नव्हे. पुरावा शोधायचा तो सर्वनामांत, अंकांत, रोजच्या जुन्या शब्दांत, आणि त्यांच्यातील ध्वनींच्या नियमित फेरबदलांत. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ (१९७७) मध्ये मराठीच्या मुळांचा रोख तमिळकडे वळविला तेव्हा एक झाकलेली खिडकी उघडली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु नादसाम्यावर त्यांनी जेवढा भार टाकला तेवढा ते पेलत नाही. हाच दोष, पण उलट तोंडाचा, कोलामीला मराठीची बोली ठरविणाऱ्यांचा आहे. कोलामीत मराठी शब्द पुष्कळ. म्हणून कोलामी मराठी! या न्यायाने उझबेक फारसी ठरेल.

तर आता जिल्ह्यात परत येऊ. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतून कोलामांची पोडे आहेत. शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम गटात घातले आहे त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्यासह कोलाम येतात. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे देशभरात १,२८,४५१ होते. त्यांतील मोठा भाग आमचा जिल्हा, त्याच्या आसपासचे तालुके, आणि सीमेपलीकडील आदिलाबादचा मुलूख येथला. पोडातील जवळजवळ प्रत्येक जाणता माणूस मराठी बोलतो, पुष्कळांना तेलुगू समजते. आमच्यापैकी किती जणांना कोलामी समजते हा प्रश्न विचारायला नको.

घराला कोलामीत ‘एल्ला’ म्हणतात, पाण्याला ‘ईर’, डोळ्याला ‘कन’, दुधाला ‘पाल’. तमिळमध्ये हेच ‘इल’, ‘नीर’, ‘कण्’, ‘पाल’. तेलुगूत ‘इल्लु’, ‘नीरु’, ‘कन्नु’, ‘पालु’. मी म्हणजे ‘आन’, तू म्हणजे ‘नीव’. शंकेला जागाच नाही: ही द्राविड कुळातील भाषा आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदांत, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापले, कोलामी शब्दांचा संग्रह आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात स्टेन कोनो यांनी कोलामी, पुसद तालुक्यातील तथाकथित ‘भिली’ आणि चांद्याची नाईकी या तिन्ही जवळजवळ एकच असल्याचे दाखवून दिले. निरीक्षण अचूक होते. त्यांनी त्यावर जो तर्क चढविला, की हे लोक मुळात कदाचित द्राविड बोलणारे नसतीलही, तो मात्र अनाठायी होता.

कोलामीला तिचा दोब्रोव्स्की भेटला तो एक कॅनेडियन. मरे एमेनो मूळचे संस्कृतज्ञ. १९३५ ते १९३८ या काळात ते भारतात राहिले आणि निलगिरीतील तोडा, कोटा या भाषांवर त्यांनी जन्मभराचे काम उभे केले. त्याच मुक्कामात त्यांनी वर्ध्याकडील कोलामीचेही टिपण केले. ‘कोलामी: एक द्राविड भाषा’ हे त्यांचे पुस्तक १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९५० साली सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादच्या कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. सरकारी अधिकारी असूनही हे काम करणारा तो एक मराठी माणूस, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. एमेनो यांच्या ग्रंथात व्याकरण आहे, कोलामांच्या तोंडून घेतलेला मजकूर आहे, शब्दसंग्रह आहे. कोलामीचे सख्खे नाते शेजारच्या गोंडीशी नसून नाईकीशी आणि त्यापुढे दूरच्या बस्तरातील परजी व त्याही पलीकडच्या गदबा या भाषांशी आहे, हे अशा ग्रंथांमुळेच स्पष्ट झाले. पुस्तक रूक्ष आहे. वाचताना तोंडाला पाणी सुटावे असे त्यात काही नाही. परंतु त्यात एकही निवाडा नाही. कोलामी श्रेष्ठ की कनिष्ठ, टिकेल की मरेल, हा विषयच तेथे निघत नाही. भाषेला एवढा आदर पुष्कळदा तिच्या चाहत्यांकडूनही मिळत नाही.

तरीही आमचा एक आक्षेप आहे. या ग्रंथाची मान सतत दक्षिणेकडे वळलेली आहे. कोलामीचे प्रत्येक रूप तमिळ-तेलुगूशी कसे जुळते हे पाहण्यात लेखक इतका मग्न आहे की ज्या मराठीच्या अंगणात कोलाम शेकडो वर्षे नांदले, ती येथे मुख्यतः उसने शब्द देणारी सावकारीण म्हणून उरते. शेजार ही देखील एक सोयरीक आहे, हा विचार भाषाशास्त्रात रुजविणाऱ्यांत त्रुबेत्स्कोय आणि रोमान याकोबसन हे १९२६ साली स्थापन झालेल्या प्रागच्या भाषाशास्त्र मंडळातले दोघे होते. आणि भारताला तो लागू करणारा ‘भारत: एक भाषिक क्षेत्र’ हा गाजलेला निबंध लिहिला खुद्द एमेनो यांनीच, कोलामीच्या पुस्तकानंतर एका वर्षाने, १९५६ साली! निबंध आधी आणि पुस्तक नंतर आले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतो.

या ठिकाणी आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका पोडात मुलांना धर्मशिक्षण देत असता आम्ही एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विचारले, तुझी माय कुठे आहे? तो म्हणाला, माय बाजारात गेलं. वर्गातील मराठी मुले हसली. आम्हीही हसलो, आणि ‘गेलं नव्हे, गेली’ असे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. चौथ्यांदा तो काही बोललाच नाही, आणि त्या दिवसानंतर प्रश्न विचारला की खाली पाहू लागला. पुढे एमेनो वाचताना आमच्या ध्यानात आले की कोलामीत पुरुषाला एक सर्वनाम आहे. स्त्री, जनावर व वस्तू या सर्वांना मिळून ‘अद’ हे दुसरे. क्रियापदही तसेच चालते. ‘ती गेली’ आणि ‘ते गेले’ हा भेद त्या मुलाच्या मातृभाषेत नाहीच. त्याने मराठीची मोडतोड केली नव्हती. आपल्या भाषेचा नियम तो मराठीत काटेकोरपणे पाळत होता. ताश्कंदमध्ये येवगेनी पोलिवानोव या रशियन भाषाशास्त्रज्ञाने नेमके याच गरजेपोटी १९३३ साली रशियन व्याकरण उझबेक भाषेशी ताडून लिहिले: उझबेक मुले रशियन शिकताना कोठे आणि का अडखळतात हे शिक्षकाला आधीच कळावे म्हणून. ‘उ’ या एका सर्वनामावर वाढलेल्या मुलाला चेक किंवा रशियन भाषेतील तीन लिंगे किती जड जात असतील! १९३८ च्या जानेवारीत स्टालिनच्या राजवटीने पोलिवानोवला गोळी घातली. कोलामी मुलांसाठी मराठीचे असे व्याकरण आमच्या पाहण्यात आलेले नाही, आणि येथे तर ते लिहिणाऱ्याला कसलेच भय नाही.

स्त्रीला जनावर व वस्तू यांच्या रांगेत बसविणारी भाषा! आमच्या एका सुशिक्षित मित्राने हे ऐकताच कोलामांच्या स्त्रीविषयक दृष्टीवर व्याख्यान सुरू केले. तेही निवाड्याचेच दुसरे रूप. त्यांना आम्ही कोलामी अंक दाखविले. दोन पुरुष असतील तर ‘इद्दर’, दोन स्त्रिया असतील तर ‘ईरल’, दोन वस्तू असतील तर ‘इंदिंग’. तीनसाठीही तसेच: ‘मुग्गुर’, ‘मुयल’, ‘मूंदिंग’. क्रियापद जी स्त्री विसरते ती मोजताना आठवते, आणि तिच्यासाठी स्वतंत्र शब्द ठेवते. उलट तीन लिंगांचा तोरा मिरविणाऱ्या चेकमध्ये दोन पुरुषांना ‘द्वा’ आणि दोन स्त्रियांना व दोन शहरांना मिळून एकच ‘द्व्ये’! आता कोणाची स्त्रीविषयक दृष्टी निर्मळ ठरवावी?

परंतु या अंकांपाशी आम्ही थबकलो ते दुसऱ्याच कारणाने. इद्दर, ईरल, इंदिंग. दोघे, दोघी, दोन. मुग्गुर, मुयल, मूंदिंग. तिघे, तिघी, तीन. हिंदीभाषकाला ‘दो’ पुरतो, मग माणसे असोत की आंबे. मराठी माणूस मात्र ‘दोन बायका’ म्हणाला तरी त्या निघून गेल्यावर ‘दोघी गेल्या’ असेच म्हणेल, ‘दोन गेल्या’ म्हणणार नाही. शब्दांची माती येथे आर्यकुळातली आहे, संस्कृत ‘द्वि’ आणि ‘त्रि’ पासूनची. साचा मात्र पोडातल्या साच्याशी कडेला कड जुळतो. कोणी कोणापासून घेतला हा प्रश्न आम्ही विद्वानांवर सोपवितो. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ साली असा विचार मांडला होता की मराठीची घडणच दोन कुळांच्या भाषा बोलणाऱ्यांच्या दीर्घ सहवासातून झाली असावी. तो सर्वस्वी मान्य करण्याइतकी तयारी आमची नाही. पण ‘दोघी’ हा शब्द उच्चारताना आता आम्हांला पूर्वीसारखे निर्धास्त वाटत नाही. बोली कोणाची आणि पदर कोणाचा?

अशीच गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला सामावून घेऊन ‘आपण’: हा भेद लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत नाही, चेकमध्ये नाही, उझबेकमध्येही नाही, प्रमाण हिंदीनेही तो राखलेला नाही. तो तमिळमध्ये आहे, तेलुगूत आहे, कोलामीत आहे, आणि मराठीत आहे. पुन्हा तेच: ‘आपण’ शब्द संस्कृत ‘आत्मन्’ पासून आलेला, भेद मात्र दक्षिणेचा. आम्ही सेमिनरीत प्रार्थना लॅटिनमधून शिकलो. ‘ओरेमुस’ म्हणजे ‘आपण प्रार्थना करू या’, आणि प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या आरंभी ‘पाटेर नोस्टेर’, आमच्या बापा. लॅटिनला दोन्हीकडे एकच ‘आम्ही’ पुरतो. मराठी अनुवादकाने मात्र पहिल्या ठिकाणी ‘आपण’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आमच्या’ लिहिले, आणि ते इतके सहज लिहिले की वर्षानुवर्षे म्हणत असूनही आमच्या कानांनी ते कधी टिपले नव्हते. (चेकमध्ये ‘आमचा’ याला ‘नाश’ म्हणतात. चेक प्रार्थना ऐकणाऱ्या मराठी भाविकाने दचकू नये.)

ते आमच्या ध्यानात आणून दिले एका वयस्क कोलाम गृहस्थांनी. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासोबत बसून प्रार्थनेच्या काही ओळी कोलामीत उतरवून पाहण्याचा आमचा खटाटोप चालला होता. पहिल्याच शब्दाशी ते थांबले. आमच्या भाषेत दोन ‘आम्ही’ आहेत, फादर, ते म्हणाले. यांतला कोणता घालायचा? आम्ही उत्तर दिले की आपण देवाशी बोलतो आहोत, तो बाप आणि आपण लेकरे, तेव्हा त्याला वगळणारा ‘आम्ही’च हवा; मराठीतही तसेच आहे. त्यांनी मान हलविली. थोड्या वेळाने म्हणाले, मराठीतला ‘आमच्या’ म्हणताना तुमच्या मनात कोण असते? चर्चमधले सगळे, की आम्ही पोडातलेही?

आम्ही कागदावर ती जागा कोरी ठेवली आणि पुढच्या ओळीकडे वळलो.